हवाई बेटांच्या नकाशावरून किड्यांची नवीन प्रजाती कशी झाली हे कसं शोधायचं

बेटांवर किड्यांच्या नवीन नवीन प्रजाती कशा होतात हे समजून घ्यायचं असेल तर आधी किडा बाजूला ठेवा. खरंच. पंख, ठिपके, डोकं यात शिरलात की गुंता होतो. पहिल्यांदा बेटांची वयं लिहून काढा आणि त्यासाठी पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांसारखी सोपी जागा नाही, कारण तिथे बेटं वयानुसार ओळीनेच लागलीयत. वायव्येला कवाई, साधारण ५० लाख वर्षांचं, मग ओआहू, मोलोकाई, माउई आणि आग्नेयेच्या टोकाला मोठं हवाई बेट, जेमतेम ५ लाख वर्षांचं आणि अजून लाव्हा ओकतंय. लाव्हा वर येण्याची जागा तीच राहते, वरची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, मात्र दरवर्षी काही सेंटिमीटर वायव्येला सरकते, म्हणून जुनं बेट पुढे जातं आणि मागे नवीन उगवतं.

आता किडा घ्या. केळ्यांवर घोंघावणारं चिलट, म्हणजे ड्रोसोफिला, त्याच्या भाऊबंदांच्या हवाईत ५०० च्या वर प्रजाती नोंदल्यात. कागदावर प्रत्येकीचं बेट लिहा आणि जवळच्या नातेवाइकांमध्ये जुन्या बेटाकडून नव्याकडे बाण काढा. उदा. प्लॅनिटिबिया माउईवर, आणि तिचे जवळचे नातेवाईक सिल्वेस्ट्रिस आणि हेटेरोन्यूरा मोठ्या बेटावर. समुद्र ओलांडायला फार काही लागत नाही, पोटात अंडी असलेली एक मादी वाऱ्याने उडत आली तरी पुरतं, पण ती मूळ गटातले थोडेसेच जीन्स घेऊन येते आणि मागचा संपर्क तुटतो, तिथून वेगळेपण सुरू.

नातं ठरवायचं कसं? आज डीएनए आहे, पण त्याआधी हॅम्प्टन कार्सन या जनुकशास्त्रज्ञाने अळीच्या लाळग्रंथीतल्या जाडजूड क्रोमोसोमवरचे (गुणसूत्रांवरचे) पट्टे बघून कुठला तुकडा उलटा बसलाय त्यावरून वंशावळ मांडली होती. मला तरी ही पद्धत अजून भारी वाटते.

नंतरचा प्रश्न, कोण कोणाशी जुळतं? इथे बरेच जण अडकतात. हेटेरोन्यूराच्या नराचं डोकं हातोडीसारखं रुंद, सिल्वेस्ट्रिसचं साधं, तरी लॅबमध्ये दोघांची पिल्लं होतात आणि ती पुढे प्रजननही करतात. म्हणजे शरीर जुळतं, पसंती जुळत नाही. लाउपाला नावाच्या रातकिड्यांचं तर अजून मजेशीर आहे, ३८ प्रजाती, उडता येत नाही, दिसायला जवळजवळ सारख्या, फरक नराच्या गाण्याच्या ठेक्यात आणि मादी आपल्याच ठेक्याकडे जाते. २००५ च्या एका अभ्यासात यांचा वेग दर १० लाख वर्षांना साधारण ४ नवीन प्रजाती एवढा निघाला, किड्यांत हा फारच जास्त.

एक काळजी घ्या, बेटाचं वय म्हणजे वंशाचं वय नाही. ड्रोसोफिलाचा हवाईतला वंश कवाईपेक्षा कितीतरी जुना आहे, कारण आधीची बेटं झिजून बुडाली आणि किडे पुढच्या बेटांवर सरकत राहिले.

काही बाण उलटे पण येतील, नव्या बेटावरून जुन्याकडे गेलेले, ते खोडू नका. आणि दोन सख्ख्या प्रजाती एकाच बेटावर सापडल्या तर मध्ये लाव्हाचा जुना पट्टा किंवा खोल दरी आहे का बघा, लाव्हाने वेढलेल्या जंगलाच्या तुकड्याला तिथे किपुका म्हणतात आणि छोट्या किड्यासाठी तेही बेटच.