कडधान्य अंगाला लागायचं असेल तर भिजवण्यापासून काय काय करायचं

नाशिकमध्ये कुणाला मटकी म्हणजे काय ते समजवायची गरज नाही, रविवारी सकाळी निम्मं शहर मिसळीच्या टेबलावर असतं. पण त्या प्लेटमध्ये नीट बघा, मटकी असते एक डाव, बाकी फरसाण, तर्री आणि दोन-तीन पाव. मिसळ खा, जरूर खा, पण तेवढ्यावर "आज कडधान्य झालं" असं धरू नका. खरा फायदा घरच्या उसळीचा, आणि तोही नीट भिजवून, मोड आणून, योग्य गोष्टीसोबत खाल्ली तर.

आधी आकडे बघू. मटकी, मूग, चवळी, हरभरा, हुलगे यांच्या 100 ग्रॅम कोरड्या दाण्यात साधारण 19 ते 23 ग्रॅम प्रोटीन असतं. हे वाचून लोक खूश होतात पण आपण कोरडे दाणे थोडेच खातो, शिजल्यावर दाणा पाणी पिऊन दुप्पट-अडीचपट होतो. म्हणजे 30 ग्रॅम कोरड्या मटकीची जी वाटीभर उसळ होते त्यात प्रोटीन 6-7 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शनात 2000 कॅलरीच्या ताटात डाळी-कडधान्यं दिवसाला 85 ग्रॅम धरलीत, कोरडी मोजून. आपल्या घरात पातळ वरणाची एक वाटी झाली की विषय संपतो, तिथेच आपण कमी पडतो. सकाळच्या डब्यात उसळ, रात्री घट्ट वरण किंवा पिठलं असं धरलं तरच तिथवर पोचता येतं. प्रोटीनशिवाय फायबर, लोह, फोलेट, पोटॅशियम हेही भरपूर मिळतं. बी 12 मात्र कडधान्यात अजिबात नसतं, त्यामुळे पूर्ण शाकाहारी घरात दूध-दही चालू ठेवा आणि तेही खात नसाल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

आता भिजवणं. मटकी-मूग 8-10 तास, छोले, राजमा, वाल रात्रभर. पाणी दाण्याच्या तिप्पट तरी हवं, आणि नंतर ते फेकून द्यायचं, कारण गॅस करणाऱ्या ज्या साखरा (रॅफिनोज वगैरे) असतात त्यातल्या बऱ्याच त्या पाण्यात उतरतात. त्या आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्या खातात आणि मग पोट फुगतं. भिजलेली मटकी बोटांनी चाळून बघा, सगळे दाणे टम्म फुगलेले असतात आणि मध्ये मध्ये काही बारीक, काळपट, खड्यासारखे टणक लागतात, ते गणंग. ते कितीही शिजवले तरी शिजत नाहीत आणि दाताखाली आले की दात हलतो, म्हणून पाण्यातच हात फिरवून वेचून काढा, जड असल्यामुळे ते तळाशी सापडतात.

मोड आणायला चाळणीत निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधायचं, घट्ट गाठोडं केलं तर आतल्या दाण्याला हवा लागत नाही आणि वास येतो. एप्रिल-मेमध्ये एका रात्रीत मोड येतात, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी, त्यात निफाडकडे तर पारा कुठल्या कुठे जातो, तेव्हा दीड-दोन दिवस लागतात. अशा वेळी गाठोडं झाकणाच्या डब्यात घालून बंद ओव्हनमध्ये किंवा फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला ठेवा आणि दिवसातून दोनदा फडकं ओलं करा. बुळबुळीत झालं किंवा आंबूस वास आला तर सरळ फेकून द्या, जीव लावू नका.

मोड आले की प्रोटीन दुप्पट होतं असं सगळीकडे ऐकू येतं, ते खरं नाही. उलट मोडाच्या मटकीत पाणी वाढलेलं असतं त्यामुळे 100 ग्रॅममागे प्रोटीन कोरडीपेक्षा कमीच भरतं. मग मोड कशासाठी? कारण दाण्यात फायटेट नावाचं जे द्रव्य लोह आणि झिंक धरून ठेवतं ते मोड येताना कमी होतं, आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं व्हिटॅमिन सी तयार होतं. हे सी लोह शोषायला मदत करतं पण शिजवताना बरंच उडतं, म्हणून ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळायचं, ही सवय घरातल्या सगळ्या बायका-मुलींना लावाच, रक्त कमी असणाऱ्या कितीतरी जणी आपल्याच घरात असतात. आणि उसळ-मिसळ खाल्ल्याबरोबर चहा नको! चहातलं टॅनिन लोह अडवतं, तासभर थांबा.

शिजवताना मोडाच्या मूग-मटकीला कुकर लागत नाही, कढईत फोडणीवर परतून झाकणावर पाणी ठेवून 10-12 मिनिटांत होते. कच्चे मोड लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई यांना देऊ नका, ज्या ओलसर उबेत मोड येतात त्यातच जंतूही वाढतात, एक वाफ काढाच. चिंच, टोमॅटो, आमसूल दाणा मऊ झाल्यावर घाला, आंबट आधी पडलं तर दाणा लवकर शिजत नाही. ज्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं तिथे छोले तासभर शिजवले तरी कच्चे लागतात, प्यायच्या पाण्यात भिजवून बघा. सोड्याने मऊ होतात हे खरं पण बी 1 जातं, म्हणून शक्यतो टाळा. आणि शिजवलेलं पाणी कधीच ओतू नका, बी गटातली व्हिटॅमिन्स त्यात उतरलेली असतात, त्याचं कळण करा, कट करा, नाहीतर त्यातच कणीक मळा. राजम्याचं मात्र लक्षात ठेवा, अर्धाकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात, त्यातलं विषारी प्रोटीन नीट उकळल्यावरच मरतं, म्हणून कुकरलाच पूर्ण मऊ करा.

सोबत काय खायचं याचं उत्तर आपल्या जुन्या ताटात आहेच. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यातलं लायसिन कडधान्यात भरपूर पण मेथिओनिन कमी, बाजरी-ज्वारी-तांदळात बरोबर उलटं, त्यामुळे मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी एका दिवसात पोटात गेली की एकमेकांची कमतरता भरून निघते. एकाच घासात पाहिजे असं काही नाही.

हुलग्यांबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण शहरात ते मागेच पडलेत. 100 ग्रॅम हुलग्यात 250 मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असतं, बाकी बऱ्याच कडधान्यांपेक्षा जास्त (दुधातलं कॅल्शियम अंगाला जास्त सहज लागतं, तरीही). गंगेवरच्या (म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात गेलात तर हुलगे शोधा, मोड आणून उसळ करा किंवा पीठ करून थंडीत शेंगोळे करा, लसूण जरा सढळ हाताने.

सवय नसेल तर एकदम वाटीभर सुरू करू नका, आठवडाभर अर्धी वाटी मुगाची, मग मटकी, मग चवळी-छोले, आतड्यालाही वेळ द्यावा लागतो. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन आणि पोटॅशियम दोन्हीचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. आणि रोज भिजवायला जमत नसेल तर एकदाच जास्त मोड आणून वाफवून, गार करून डब्यातून फ्रीझरला टाका, महिनाभर सहज टिकतात, सकाळी डब्याच्या घाईत डायरेक्ट फोडणीत टाकता येतात.