स्किनहेडची गोष्ट तरुणांना सांगायची तर

आमच्या गाणी ऐकायच्या मंडळात नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, "स्किनहेड म्हणजे नाझीच ना?" मी आधी रेकॉर्ड लावतो, मग बोलतो. तुम्हीही तसंच करा.

सुरुवात १९६९ च्या ब्रिटनपासून करा. त्या वर्षी जमैकाच्या डेझमंड डेकर यांचं 'इस्राएलाइट्स' हे गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. ते डोक्यावर घेणाऱ्यांत केस अगदी बारीक कापलेली, जाडजूड बूट आणि गॅलिस घातलेली कामगार वस्तीतली गोरी पोरं होती; हेच स्किनहेड. ही ऐट त्यांनी बरीचशी जमैकन 'रूड बॉइज'कडून, म्हणजे तिथल्या ऐटबाज, टगेगिरी करणाऱ्या पोरांकडून उचलली होती. पण गोष्ट गोड करू नका. त्यांच्यातलीच काही पोरं तेव्हाही दक्षिण आशियाई माणसांना रस्त्यात गाठून मारत होती, हेही सांगा.

मग सावकाश या सत्तरीच्या दशकाच्या अखेरीकडे. इथे घाई नको, खरी मेख इथेच आहे. नॅशनल फ्रंट हा वंशवादी पक्ष १९६७ चा. त्याची माणसं फुटबॉल मैदानांबाहेर तरुणांसाठी काढलेलं 'बुलडॉग' हे नियतकालिक विकायची. स्क्रूड्रायव्हर हा बँड सुरुवातीला साधा पंक, म्हणजे झटपट, कर्कश रॉक वाजवणारा होता. मारामाऱ्यांमुळे अशा बँडना हॉल मिळेनासे झाले, तेव्हा पक्षाने मंच दिला, 'व्हाइट नॉइज' नावाचं लेबल काढलं. म्हणून पोरांना गाण्याच्या शब्दांआधी हे विचारायला लावा: हॉल कुणी घेतला? रेकॉर्ड कुणी काढली? दारात काय विकलं जात होतं?

लंडनमधलं साउथॉल वगळू नका. ३ जुलै १९८१ ला या पंजाबी वस्तीतल्या हॅम्बरो टॅव्हर्न या पबमध्ये 'ओय!' बँडचा, म्हणजे स्किनहेडना आवडणाऱ्या पंक बँडचा कार्यक्रम होता. बाहेरून आलेल्या स्किनहेडनी दुकानं फोडली, माणसांवर हात टाकला. स्थानिक आशियाई तरुण रस्त्यावर उतरले आणि ते पब जळालं. तिथला प्रत्येक वादक नाझी होता असं मात्र सांगू नका, ते खरं नाही.

शेवटी उलट बाजूच्या रेकॉर्ड लावा. १९७६ मध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' हे वंशवादाविरुद्धचं संगीत आंदोलन उभं राहिलं. १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्सनी 'टू टोन' लेबल काढलं. त्यांच्या 'द स्पेशल्स'मध्ये काळे-गोरे एकत्र वाजवत, आणि समोर नाचणाऱ्यांत स्किनहेडही असत. तो आवाज मोठा ठेवा, पोरांना नाचू द्या.