एफेससचे अवशेष कसे पाहावेत

एफेसस या प्राचीन ग्रीक-रोमन नगराच्या अवशेषांना दोन प्रवेशद्वारे आहेत, आणि दिवस कसा जाणार हे बरेचसे त्यांपैकी कोणत्या दाराने आपण आत शिरतो यावर ठरते. तुर्कस्तानच्या पश्चिमेस, इझमीरच्या दक्षिणेला असलेल्या सेल्चुक गावातून निघणारी दोल्मुश, म्हणजे तिथली वडाप, खालच्या दाराशी सोडते. त्यामुळे स्वस्तात जाणारा प्रवासी ऐन उन्हात चढ चढत राहतो. त्यापेक्षा सेल्चुकहून टॅक्सी करून वरच्या दाराशी उतरावे आणि शहर उताराने पाहत खाली यावे. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटरचे असल्याने हा खर्च अंगावर येत नाही.

दार उघडताच आत जाणे उत्तम, कारण कुशादासी बंदरात प्रवासी जहाजे लागली की सकाळी उशिरापर्यंत मुख्य रस्ता माणसांनी भरून जातो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने निवडावेत. आत सावली जवळजवळ नाही, तेव्हा टोपी व पाणी सोबत असू द्यावे. फरसबंदीचा संगमरवर शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झाला असल्यामुळे घट्ट पकडीचे बूट घालावेत. चपला घालून येथे फिरणे धोक्याचे आहे.

वरच्या भागात सरकारी चौक, सुमारे दीड हजार माणसे बसू शकतील असे छोटे सभागृह (ओडिऑन) आणि त्याला लागून प्रितानियन, म्हणजे नगराचा पवित्र अग्नी जेथे तेवत असे ती वास्तू आहे. येथे फारसे काही उभे नाही म्हणून बहुतेक गट पुढे पळतात. आपण थोडे थांबावे. आज दिसणारे नगर अलेक्झांडरचा सेनापती लिसिमाकस याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास दोन टेकड्यांमधील या खिंडीत वसवले, आणि पुढे रोमनांनी ते संगमरवराने मढवले. आपल्याकडील ‘यवन’ हा शब्द ज्या आयोनियावरून आला, त्या प्रदेशातले हे अग्रगण्य शहर होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर यवन दात्यांची नावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा धागा मोलाचा वाटेल.

हेराक्लीसच्या दरवाजापाशी रस्ता अरुंद होतो आणि तेथून क्युरेट्स मार्ग थेट सेल्ससच्या ग्रंथालयाकडे उतरतो. समोरचे दृश्य इतके देखणे आहे की सगळ्यांची नजर त्यावरच खिळते. माझा सल्ला मात्र असा की या टप्प्यावर पायाखाली पाहावे. उतारावरच्या फरश्यांवर आडव्या खाचा मारलेल्या दिसतील. माणसे व जनावरे घसरू नयेत म्हणून त्या मारलेल्या आहेत. फरशी जेथे फुटली आहे तेथे मातीच्या भाजलेल्या नळांची तोंडे डोकावतात, आणि कडेच्या दगडांवर रिकामटेकड्यांनी कोरलेले सोंगट्यांचे पट सापडतात. रोमन सम्राट हेड्रियनच्या मंदिरावरील शिल्पपट्ट मात्र प्रतिकृती आहेत. मूळ पट्ट सेल्चुकच्या संग्रहालयात आहेत.

सेल्ससचे ग्रंथालय हे खरे तर एका माणसाची कबर आहे. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांताचा राज्यपाल राहिलेल्या सेल्ससच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने, अक्विलाने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी ते बांधायला घेतले, आणि सेल्ससची शवपेटी तळघरात ठेवली. दर्शनी भिंत जशी दिसते तशी ती टिकलेली नाही. भूकंपांत कोसळलेले तुकडे जुळवून १९७० ते १९७८ या काळात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी ती पुन्हा उभी केली, आणि जवळ जाऊन पाहिल्यास जुना दगड व नवी भर यांचा रंग वेगळा कळतो. कोनाड्यांतील चार स्त्रीमूर्तीही नकला असून मूळ मूर्ती व्हिएन्नात आहेत. पायऱ्यांवर मेनोरा, म्हणजे ज्यूंचा सात फाट्यांचा दिवा, ओरखडून कोरलेला आहे. तो शोधण्यात पाच मिनिटे घालवायला हरकत नाही. ग्रंथालयातून वेश्यागृहाकडे भुयार जात असे, ही वाटाडे हमखास सांगत असलेली गोष्ट ऐकून घ्यावी आणि सोडून द्यावी, कारण तिला पुरावा नाही.

ग्रंथालयाच्या अलीकडे, डाव्या हाताच्या उतारावर छताखाली झाकलेली श्रीमंतांची घरे आहेत. तिकीट वेगळे पडते का, हे प्रवेशद्वारापाशीच विचारून घ्यावे, पण पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवावेत. मोझेक आणि भित्तिचित्रे तर आहेतच, शिवाय कुणीतरी भिंतीच्या गिलाव्यावर जिनसांचा खर्च टिपून ठेवला आहे, अगदी वाण्याची यादी लिहावी तसा.

पुढे सुमारे २५,००० प्रेक्षकांचे नाट्यगृह लागते. मराठी बायबलात हे शहर ‘इफिस’ म्हणून येते. आर्टेमिस या ग्रीक देवीचे रुपेरी देव्हारे घडवणाऱ्या सोनारांचा धंदा ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या उपदेशाने बुडेल या भीतीने जो दंगा झाला, तो याच जागी. वरच्या ओळींपर्यंत चढून गेल्यास बंदराकडे जाणारा सरळ रस्ता दिसतो, आणि त्याच्या टोकाला पाण्याऐवजी दलदल. कुचुक मेंदेरेस नदीच्या गाळाने बंदर भरत गेले, समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटला, आणि व्यापारावर जगणारे शहर ओसरले.

खालच्या दाराने बाहेर पडून सेल्चुककडे येताना आर्टेमिसच्या मंदिराची जागा वाटेत लागते. प्राचीन सात आश्चर्यांपैकी एक पाहायला आलेल्याला तेथे तुकडे रचून उभारलेला एकच खांब मिळतो, म्हणून अपेक्षा आधीच आवरावी. दिवसाचा शेवट सेल्चुकच्या संग्रहालयात करावा. तेथील आर्टेमिसच्या दोन संगमरवरी मूर्ती १९५६ साली सापडल्या त्या प्रितानियनमध्ये, जेथे सकाळी गट थांबतही नाहीत.