रोज अंगावर बाळगायचे लहान पिस्तूल: गोव्यातल्या परवानाधारकाने काय सांभाळावे

लहान पिस्तुलाबद्दल विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात बारीक कुठले? मी त्यांना सांगते, सगळ्यात बारीक घेऊच नका. दिवसभर अंगावर सहन होईल त्यातले मोठ्यात मोठे घ्या. पिस्तूल जितके लहान, तितके ते लपवायला सोपे आणि चालवायला कठीण. मूठ आखूड असल्यामुळे करंगळी हवेत राहते, नळी आखूड असल्यामुळे नेम जरासा ढळला तरी गोळी बरीच बाजूला जाते, आणि वजन कमी असल्यामुळे झटका थेट मनगटात येतो.

सत्तरी तालुक्यात माझा काजूबियांचा व्यापार आहे. मार्च ते मे या हंगामात वाळपई, होंडा, केरी या भागांतल्या बागायतदारांकडून बिया घ्यायच्या आणि बऱ्याच जणांना जागेवरच रोख द्यायची, असा आमचा धंदा. आधी बाबा पिस्तूल बाळगत. त्यांच्या वयाला ७० वर्षे झाली तेव्हा ते रीतसर माझ्या नावावर झाले. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये तशी सोय आहे: धारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, की कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. मूळ धारकाच्या मृत्यूनंतरही करता येतो, पण घरातला माणूस जिवंत असतानाच हे उरकलेले बरे. बाबांनी मला शेजारी बसवून एकेक भाग उघडून दाखवला. ते शिक्षण कागदपत्रांतून मिळाले नसते.

नवा परवाना हवा असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, उत्तरेत पणजीला आणि दक्षिणेत मडगावला. वय २१ पूर्ण हवे. पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, असे ठरले. प्रशिक्षण उरकून टाकायची गोष्ट समजू नका. पिस्तूल रिकामे कसे करायचे हे न बघता करता येईपर्यंत शिकवणाऱ्याला सोडू नका.

आता निवड. भारतात सामान्य परवान्यावर छोट्या शस्त्रांत मुख्यतः .३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचे माप) मिळतो. ९ मिलिमीटर पॅराबेलम निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापात येतो, त्यामुळे परदेशी चित्रफिती बघून यादी करण्यात अर्थ नाही. परदेशी हँडगनची (पिस्तूल-रिव्हॉल्वरची) आयात सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकातच बंद झाली. म्हणून जुन्या विदेशी पिस्तुलांच्या किमती त्यांच्या दर्जापेक्षा दुर्मिळपणामुळे चढलेल्या असतात. नाव बघून लाखो रुपये मोजण्याआधी नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) उजेडात बघा, मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे भरायच्या डबीच्या ओठांना वाक आहे का बघा, आणि सुटे भाग कोण देणार हे विचारा.

माझ्याकडचे बेल्जियमच्या एफएन कंपनीचे १९१० मॉडेल आहे, ब्राउनिंगच्या आराखड्याचे. मॅगझिनमध्ये सात काडतुसे, वजन साधारण ६०० ग्रॅम. कडा गुळगुळीत, कपड्यात कुठे अडकत नाही, आणि जाडी इतकी कमी की कुर्त्याखाली दिसत नाही. बाळगण्यासाठी याहून सुखाचे पिस्तूल मी हातात घेतलेले नाही. पण नेम धरायची माशी म्हणजे वरच्या खाचेतला बारीकसा उंचवटा, संध्याकाळच्या उजेडात तो दिसतसुद्धा नाही. मॅगझिन काढायचा खटका मुठीच्या बुडाशी आहे, त्याला दुसरा हात लागतोच. याला बाहेर हातोडा नाही, आत सुई असते, त्यामुळे पिस्तूल ताणलेले आहे की नाही हे नुसते बघून कळत नाही.

या मॉडेलमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जीव घेऊ शकते. मॅगझिन काढलेले असताना चाप काम करत नाही. ऐकायला हे सुरक्षित वाटते. पण पिस्तूल रिकामे केल्यावर आतली ताणलेली सुई (काडतुसावर आदळणारी) सोडायची तर मॅगझिन परत घालावे लागते, आणि तिथे माणूस सवयीने भरलेले मॅगझिन घालतो. म्हणून माझ्याकडे एक वेगळे रिकामे मॅगझिन आहे, त्याच्या बुडाला लाल रंग लावलेला आहे. भरलेली मॅगझिने आधी दुसऱ्या खोलीत जातात, मग लाल बुडाचे आत जाते. त्यानंतरही नळी पुन्हा बघायची, आणि चाप ओढताना तोंड अशाच बाजूला हवे जिकडे गोळी सुटली तरी माणूस नाही. तुमच्याकडे अशा बनावटीचे पिस्तूल असेल तर हे आजच करा.

माझ्या दिराकडे आपल्या देशातल्या सरकारी कारखान्यातले .३२ रिव्हॉल्वर आहे, सहा काडतुसांचे. त्यांचा अनुभव माझ्या अगदी उलट. काडतुसांच्या फिरत्या चक्राची जाडी कमरेला टोचते, शर्ट बाहेर सोडला तरी फुगवटा दिसतो. पण काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते, आणि भरले आहे की नाही हे उघडून एका नजरेत कळते. सरावाला वेळ नसलेल्या माणसाला मी रिव्हॉल्वरच सुचवते. २०१४ मध्ये कानपूरहून आलेले निर्भीक हे रिव्हॉल्वर अर्ध्या किलोच्या आसपासचे आहे, बायकांसाठी म्हणून त्याची बरीच चर्चा झाली. हलके आहे हे खरे, पण हलक्याचा झटका जास्त, आणि रिव्हॉल्वरचा लांब, जड चाप कमकुवत बोटाला ओढवत नाही. २०२३ मध्ये आलेल्या प्रबल रिव्हॉल्वरचे चक्र बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटर. जुनी देशी रिव्हॉल्वरे मधून मोडून उघडतात, त्यापेक्षा हे सुटसुटीत. पिस्तूल असो की रिव्हॉल्वर, दुकानात रिकामे शस्त्र हातात घेऊन चाप सलग ओढून बघा, तेही दुकानदाराला विचारून आणि तोंड सुरक्षित बाजूला ठेवून. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, ओढता येत नसेल तर ते पिस्तूल तुमचे नाही.

स्लाइडबद्दल एक सांगते, कारण बायका इथेच हार मानतात. लहान पिस्तुलाची स्प्रिंग मोठ्यापेक्षा कडक असते, बोटांच्या चिमटीत धरून ती ओढली जात नाही. डावा तळवा स्लाइडवर आडवा घट्ट ठेवा, पिस्तूल छातीजवळ आणा, आणि स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. बोट चापाबाहेर, तोंड समोर. छातीजवळ आणताना तोंड डावीकडे वळते, तिकडे बहुधा शेजारी उभा असतो, तेव्हा स्वतः उजवीकडे वळून उभे राहा.

बाळगण्याबाबत नियम स्पष्ट आहे: सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी. म्हणजे झाकून नेणे ही आपल्याकडे सक्ती आहे. कमरेला उघडे दिसेल असे लावून हॉटेलात बसणारे स्वतःचा परवाना धोक्यात घालतात.

पुरुषांना पट्टा असतो, त्यामुळे उजव्या कमरेच्या जरा मागे होल्स्टर बसतो. सलवार-कुर्त्याला पट्टा नाही. मी कुर्त्याच्या आत जाड कापडी पोटपट्टा बांधते, त्याला चाप पूर्ण झाकणारा कडक होल्स्टर शिवून घेतलेला आहे. नुसत्या मऊ कापडाच्या कप्प्यात पिस्तूल ठेवू नका, कापडाची घडी चापात शिरते. पर्समध्ये तर मुळीच नको. स्कूटरवरून पर्स हिसकावली तर पैशांबरोबर पिस्तूलही चोराच्या हातात जाते, आणि पर्समधल्या किल्ल्या चापाला लागतात ते वेगळेच. साडी नेसते त्या दिवशी मी पिस्तूल घेत नाही, कारण ते पटकन आणि सुरक्षितपणे काढता येत नाही. स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या कप्प्यात ते एकटे सोडू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

मॅगझिन भरलेले आणि नळी रिकामी, असे मी बाळगते. जुन्या पिस्तुलांत सुईला अडवणारा खटका नसतो, दगडावर पडले तर गोळी सुटू शकते. काही जण म्हणतात की वेळेवर स्लाइड ओढायला सवड मिळणार नाही. असेलही तसे, पण जुन्या यंत्रावर आणि कच्च्या रस्त्यावर मला ही जोखीम कमी वाटते.

खरी परीक्षा हवेची. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून जास्त. एप्रिल-मेमध्ये घाम, जूनपासून दमट, किनाऱ्यावर खारे वारे. पिस्तुलाची अंगाकडची बाजू आधी गंजते, कारण मीठ घामातून येते. घरी आल्यावर ते रिकामे करा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. हाताळल्यावर बोटांचे ठसे राहतात, तेही पुसायचे, दुसऱ्या दिवशी तिथेच तांबूस ठिपका येतो. नळीत तेल ठेवलेत तर पुन्हा भरण्याआधी कोरडा बोळा फिरवा.

चामड्याचा होल्स्टर देखणा असतो, पण पिस्तूल त्यात ठेवून कपाट बंद करू नका. चामडे ओल धरते, आणि कमावण्यासाठी वापरलेल्या रसायनांमुळे काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर चढतो. पावसाळ्यात पिस्तूल लॉकरमध्ये उघडे, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. काडतुसे दुसऱ्या कुलपात, झाकणाच्या डब्यात. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतात. अंगावर बाळगलेली काडतुसे घामाने खराब होतात, तेव्हा हंगाम संपला की तीच सरावाला वापरा आणि मॅगझिनमध्ये नवी घाला. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही तर पिस्तूल लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मग रिकामे करा.

सराव फक्त परवानगी असलेल्या रेंजवर. डोंगरात किंवा कुळागरात डबे ठेवून नेम धरणे हा गुन्हा आहे. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंतर पाच ते सात मीटर पुरे, लहान पिस्तूल त्यापुढे फार अपेक्षा करण्यासाठी बनलेले नाही.

आमच्या भागात सगळ्यात जास्त लोक फसतात ते हद्दीत. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. गोव्यापुरताच परवाना असेल तर डिचोलीहून दोडामार्गला बिया बघायला किंवा केरीहून चोर्ला घाटाने बेळगावला जाताना पिस्तूल घरी ठेवा. घाटात एका वळणावर गोवा संपतो, आणि तिथून पुढे तुम्ही परवान्याबाहेर आहात. बाहेर जायची खरी गरज असेल तर क्षेत्र वाढवून घेण्यासाठी रीतसर अर्ज करा. विमानाने जायचे असेल, दाबोळी असो की मोपा, तर विमान कंपनीला आधी कळवा. हातातल्या सामानात शस्त्र चालत नाही.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, जमाव आणि शाळा-कॉलेजचे आवार इथे शस्त्र न नेण्याची अट परवान्यातच असते. म्हणजे शिरगावची लईराईची जत्रा, म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा, शिगम्याची मिरवणूक, मुलाला शाळेच्या फाटकातून आणायला जाणे, सगळ्याला पिस्तूल घरी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही मी त्यातच धरते. तिथे खांद्याला खांदा लागतो, आणि गर्दीत कुणाचा हात कुठे लागेल याचा नेम नाही. हुर्राकाच्या (काजूच्या हंगामी दारूच्या) दिवसांत तर नियम आणखी सरळ: घोटभर घ्यायचे असेल तर आधी पिस्तूल लॉकरमध्ये.

भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, ती कलमे एकदा वकिलाकडे बसून समजून घ्या. गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही, आणि पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे बचाव ठरणे कठीण. माझ्या मते रोकड द्यायची वेळ आली तर रोकड द्यावी. पिस्तूल जिवासाठी आहे, बियांच्या पैशांसाठी नाही.

निवडणुका आल्या की शस्त्र जमा करायची नोटीस येते. गोव्यातल्याच एका प्रकरणात २००९ मध्ये उच्च न्यायालयाने सरसकट आदेशाऐवजी प्रत्येकाचा विचार छाननी समितीने करावा असे सांगितले, त्यामुळे खरी अडचण असेल तर समितीकडे लेखी अर्ज देता येतो. रानडुकरांपासून पीक राखणारे आमचे शेतकरी तसा अर्ज करतात. जमा करावेच लागले तर देण्याआधी पिस्तुलाला नेहमीपेक्षा जाड तेल लावा, कारण पोलिसांच्या मालखान्यात ते कुणी पुसणार नाही. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, मॅगझिनची संख्या आणि काडतुसांची संख्या वेगवेगळी लिहून घ्या. परत मिळाल्यावर तिथेच क्रमांक ताडून बघा, घरी आणा, पूर्ण उघडा, नळीतून उजेड आरपार दिसतो का बघा, आणि मगच मॅगझिन भरा.