ह्यांच्या डब्यातली गोळी

आमच्या ह्यांना सहा वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला, तेव्हापासून फ्रिजवरच्या डब्यात इकोस्प्रिन ७५, म्हणजे ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची गोळी, कायम असते. परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मलाही दे गं एक पाकीट, साठी उलटली, रक्त पातळ राहिलेलं बरं." मी दिलं नाही. कारण एकदा हाच प्रश्न मी स्वतःसाठी डॉक्टरांना विचारला होता.

स्टेंट, बायपास, आधी येऊन गेलेला हार्ट अटॅक किंवा गुठळीमुळे झालेला अर्धांगवायू, असं काही असेल तर ही गोळी बहुधा कायमची. काहीच झालेलं नसेल, तर उतारवयात आपल्या मनाने सुरू करायची नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांवर धडधाकट माणसांवर, बहुतेक सगळी सत्तरीपुढची, 'अ‍ॅस्प्री' नावाचा अभ्यास झाला. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन धडधाकट आयुष्य काही वाढलं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. हे २०१८ साली जाहीर झालं. म्हणून मला गोळी नाही, ह्यांना आहे.

आता ज्यांना डॉक्टरांनी दिली आहे त्यांच्यासाठी. जेवणानंतर, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. ह्यांना गोळ्या गिळायचा कंटाळा, म्हणून सुरुवातीला मी चमच्याने चुरून मधातून द्यायचे. चूक! वरचं आवरण गोळी जठरात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून असतं. चुरली की ते गेलंच. एखादा दिवस राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

पाकिटावरची अक्षरं चष्मा लावून वाचा. नावापुढे 'एव्ही' असेल तर त्यात ॲस्पिरिनसोबत कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिनही असते. तशी गोळी घरात आली आणि जुनी साधीही चालूच राहिली, की डोस दुप्पट. आमच्याकडे चार दिवस असंच चाललं होतं, डबा भरताना लक्षात आलं.

गुडघे दुखले म्हणून आयबुप्रोफेनवाली गोळी परस्पर घेऊ नका. ती ॲस्पिरिनच्या कामात आड येते, शिवाय पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढवते. दुखण्यावर काय चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. तापाच्या दिवसांत, डेंग्यूची साथ असेल तर, ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

दाढ काढायची म्हणून ह्यांनी स्वतःच गोळी बंद करायचं ठरवलं होतं. मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चालू ठेवा, दातवाल्यांना फक्त कळवा. तुमच्या बाबतीत सांगणं वेगळं असू शकतं, पण विचारल्याशिवाय बंद नाही. स्टेंट नवा असताना तर मुळीच नाही, त्यात गुठळी होऊ शकते.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते आपण ठरवायचं नाही. आणि बाथरूममध्ये पाय घसरून डोकं आपटलं, वरून खोक नसली, तरी दाखवायला जायचंच. ह्यांच्या पैशांच्या पाकिटात म्हणूनच एक चिठ्ठी असते: ॲस्पिरिन ७५, रोज रात्री, स्टेंट आहे.