बारशाआधी जर्मानिक नावाचा अर्थ कसा काढावा

जालना-लातूरकडच्या घरात मुलीसाठी मटिल्डा किंवा हायडी सुचलंच, तर पाळण्यात घालण्याआधी नाव फोडून बघा. जुनी जर्मानिक नावं, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातली, बहुधा दोन तुकड्यांची. आधी मागचा बघा: हिल्ड, ट्रूड, गुंड, बुर्ग आलं की नाव बाईचं. मटिल्डात पुढं ‘माख्त’ म्हणजे बळ, मागं ‘हिल्ड’ म्हणजे लढाई. गेर्ट्रूडमध्ये भाला आणि ताकद.

बहुतेक जण घसरतात ते इथंच. ‘भाल्यासारखी ताकदवान’ असं वाक्य जुळवू नका. नातलगांच्या नावातले तुकडे घेऊन नाव बांधायचीही रीत होती; दोन्ही मिळून अर्थ लागलाच पाहिजे असं नाही.

हायडी थेट फुटत नाही, कारण ते आडेलहाइडचं लाडाचं रूप. ‘आडेल’ कुलीन, ‘हाइड’ म्हणजे प्रकार, दर्जा. आणि मार्गारेटे जर्मन घरात कितीही रुळलेलं असो, मूळ ग्रीक, अर्थ मोती.

जन्माची नोंद 21 दिवसांत करा. नाव नंतर घातलं तरी चालतं. मात्र ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत मराठी नाव आणि इंग्रजी स्पेलिंग स्वतः कागदावर लिहून द्या. नुसतं तोंडी सांगितलं की मटिल्डाची ‘माथील्डा’ होते, मग आधार आणि शाळेचा दाखला जुळत नाहीत.