फिशटँकमधली झाडं जगत नाहीत? दिवा वाढवण्याआधी या चुका टाळा

माझ्या दोन फुटी टँकवर मी सगळ्यात आधी लावला तो ५० वॉटचा एलईडी फ्लडलाइट. दुकानाच्या पाटीवर झोत टाकतात ना, तसला. इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळाला आणि आठवडाभर टँक असा झगझगला की शेजारचे मुलांना घेऊन बघायला आले. बाराव्या दिवशी अनुबियासच्या पानांवर बारीक हिरवे ठिपके दिसले. बोटाने चोळले तर जाईनात. काचेवरचे तर जुन्या ब्लेडने खरवडावे लागले. मग जावा फर्नच्या टोकांना हिरव्या धाग्यांच्या झिपऱ्या लोंबायला लागल्या. यावर मी काय केलं असेल? दहा तास चालणारा दिवा बारा तासांवर नेला. झाडं धष्टपुष्ट झाली की शेवाळ आपोआप हटेल, असा माझा हिशेब. महिन्याभरात त्या टँकमध्ये झाड कुठलं नि शेवाळ कुठलं, हेच कळेनासं झालं.

त्यानंतर मित्रमंडळींचे बरेच टँक बघितले. प्रकाश कमी पडून बिघडलेला एखादाच, जास्त झाल्याने बिघडलेले ढीगभर. दिवा वाढवला की झाडाची भूक वाढते. त्या प्रमाणात पाण्यात कार्बन डायऑक्साइड (सीओटू), नायट्रेट, पोटॅशियम, लोह नसेल तर झाड उपाशी राहतं आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं.

वॉट मोजून दिवा घेणं

‘अमुक लिटरला अमुक वॉट’ हा हिशेब ट्यूबलाइटच्या जमान्यातला आहे. वॉट म्हणजे दिव्याने किती वीज खाल्ली. उजेड किती दिला ते वॉट सांगत नाही. जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा आज १२-१४ वॉटचा एलईडी देतो. म्हणून खोक्यावर लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये साधारण ५५ लिटर पाणी मावतं. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, जावा मॉस अशी झाडं असतील तर लिटरमागे १५ ते २५ लुमेन भरपूर झाले, म्हणजे १० ते १२ वॉटचा साधा एलईडी. माझा फ्लडलाइट ओतत होता एकूण साडेचार हजार लुमेनच्या आसपास! लिटरमागे ४० च्या वर गेलात की सीओटू सिलिंडर आणि नियमित खत यांची तयारी हवी. ती नसेल तर तो दिवा गॅलरीतल्या तुळशीला द्या.

लुमेन हेही ढोबळच माप, कारण ते आपल्या डोळ्याच्या सोयीने काढलेलं आहे. झाडाच्या कामाचा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला; त्याच्या मोजमापाला ‘पार’ म्हणतात. चांगल्या अ‍ॅक्वेरियम लाइटवर पाण्यात किती खोलवर किती पार मिळतो याचा तक्ता असतो. असला तर त्यावर विश्वास ठेवा, वॉटवर नको. टँक दीड-दोन फूट उंच असेल तर हा तक्ता बघाच. तळाशी पोचेपर्यंत उजेड बराच घटतो आणि गालिच्यासारखी पसरणारी झाडं तळाशीच असतात.

केल्विनला ताकद समजणं

६५०० केल्विनचा दिवा ३००० वाल्यापेक्षा दुप्पट जोरदार, असा समज मी दुकानदारांच्या तोंडूनही ऐकला आहे. केल्विन म्हणजे फक्त रंगाची छटा. ‘कूल डे लाइट’ लिहिलेला ६५०० चा पांढरा दिवा टँकवर छान दिसतो म्हणून घ्यायचा. ३००० वरही झाडं वाढतात, फक्त पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं.

जांभळ्या ‘ग्रो लाइट’बद्दल माझं मत जरा कडवट आहे. क्लोरोफिल लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं, पण झाडं हिरवा प्रकाशही वापरतात. साध्या पांढऱ्या एलईडीत सगळंच थोडंथोडं असतं. तो असतो निळा एलईडी आणि त्यावर पिवळट फॉस्फरचा थर. हा निळा एलईडी घडवल्याबद्दल २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले एक हिरोशी अमानो. आणि पाण्याखालच्या बागा ही कला जगभर नेणारे जपानचे तकाशी अमानो (१९५४-२०१५). आडनाव एकच, एकाने दिवा दिला नि दुसऱ्याने त्याखाली काय लावायचं ते दाखवलं. जांभळ्या दिव्याखाली मात्र टँकचं लग्नाचं कार्यालय होतं, हिरव्या पानाचा हिरवेपणाच दिसत नाही.

दिवा हाताने चालू-बंद करणं

सकाळी ऑफिसला जाताना लावला, रात्री झोपताना बंद केला: झाले चौदा तास. नव्या टँकला सहा तास पुष्कळ, जम बसला की सात-आठ. यासाठी टायमर लागतोच. पण कुठला?

माझा पहिला टायमर चाकावर खुंट्या दाबायचा, यांत्रिक. दुपारी ३ ते रात्री १० लावून ठेवला होता. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळी दहाला गेलेली वीज संध्याकाळी पाचला आली. रात्री दीडला पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये लख्ख उजेड! वीज गेली तेवढे सात तास टायमरचं चाकही थांबलेलं. त्याच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. आतल्या बॅटरीवर वेळ चालू ठेवणारा डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण घ्याच. सुंदर दिसतो म्हणून रात्रभर निळा दिवा ठेवणंही नको. माशांना अंधार लागतो.

सीओटू देत असाल तर तो दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू करा. ड्रॉप चेकर (पाण्यातल्या सीओटूप्रमाणे रंग बदलणारी टँकमधली छोटी कुपी) दिवा लागताना निळाच असेल तर सीओटू कमी आहे. हिरवा हवा. पिवळा झाला आणि मासे वर येऊन तोंड मारायला लागले तर लगेच बंद करा आणि हवेचा पंप लावा.

झाकणातली साधी पट्टी

घराच्या फॉल्स सीलिंगची उरलेली एलईडी पट्टी टँकच्या झाकणात चिकटवू नका. खालून सतत वाफ लागते. काही महिन्यांत जोड गंजतात आणि दिवे एकेक करून मिटतात. दिव्यावरचा आयपी आकडा तो पाण्याला किती दाद देत नाही ते सांगतो: आयपी ६५ म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवणं नाही. पाण्यात पडण्याची शक्यता असेल तर आयपी ६८ हवा. वायर सॉकेटच्या खालून लोंबकळून मग वर चढली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. टँकमध्ये हात घालण्याआधी सगळे प्लग काढा.

लक्षण वेगळं, दोष वेगळा

सगळ्याचं खापर दिव्यावर फोडू नका. नव्या टँकमध्ये तपकिरी भुकटी बसते ती काही आठवड्यांत आपोआप जाते. आणलेलं क्रिप्टोकोरिन चार दिवसांत विरघळलं तर फेकू नका. जागा बदलली की ते पानं टाकतं आणि मुळाशी पुन्हा फुटतं. याच कुळातलं क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस आपल्या पश्चिम घाटातलं. नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम बघा. खोडावर पानं दूरदूर आणि झाड वरच्या वर पळतंय, तर मात्र खरोखर उजेड कमी आहे. तेव्हाही आधी काच बघा. बोअरच्या पाण्याचे थेंब वाळून झाकणावर क्षारांचा पांढरा थर बसतो नि बराच उजेड खातो. झाकण काढून व्हिनेगरने पुसा आणि स्वच्छ धुवा. (पुसल्यावर आठवडाभर दिवा तासभर कमी ठेवा, मी ठेवला नव्हता.)

पाणीच हिरवं झालं असेल तर टँक तीन दिवस जाड चादरीने पूर्ण झाका. खाणं बंद, हवेचा पंप चालू. नंतर निम्मं पाणी बदला आणि खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टँक हलवा.

बाकी कुठल्याही शेवाळाला पहिला उपाय एकच: दिवा सहा तासांवर आणा किंवा चार-सहा इंच वर टांगा. दोन्ही एकदम नको, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मग दोन आठवडे हात बांधून बसा. ठिपके पडलेलं पान पुन्हा स्वच्छ होत नाही, ते देठापासून कापून टाका. बघायचं ते नवं पान, आणि अनुबियास ते सावकाश, दोन-तीन आठवडे घेऊन देतो.